किरणनंतरची एकोणचाळीस वर्षे

वाशिम जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. उंचावरून जाणाऱ्या विमानाची पांढरी रेघ पाहणे, एवढाच येथील बहुसंख्य कुटुंबांचा विमानाशी संबंध. तरीही अकोला-पूर्णा लोहमार्गावरील हा जिल्हा देशाच्या वायुदलाच्या पाठशाळेपासून फार दूर नाही. वाशिमला गाडीत बसावे, हिंगोली, पूर्णा, नांदेड मागे टाकावे, की भाग्यनगर म्हणजे हैदराबाद एका रात्रीच्या अंतरावर. त्या नगराच्या परिसरात दुंडिगलची वायुदल प्रबोधिनी आहे, हकीमपेठचे प्रशिक्षण केंद्र आहे. आणि नांदेडहून देगलूरमार्गे खाली उतरले की बिदर लागते. हिंदुस्थानच्या लढाऊ वैमानिकांच्या कित्येक पिढ्या या तीन ठिकाणांवरील आकाशात घडल्या. रिसोड, मालेगाव, मानोरा, कारंजा येथील एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या लढाऊ वैमानिक होण्यास निघाली, तर तिचा मार्ग याच दिशेने जाणार आहे. म्हणूनच ज्या विमानावर ती बसणार, ते विमान कोणी घडविले, किती जुने आहे आणि ते वेळेवर मिळाले की नाही, हा प्रश्न दिल्लीच्या फायलींपुरता राहत नाही. तो घराचा प्रश्न होतो.

दि. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात दोन नव्या उत्पादन साखळ्यांचे उद्घाटन संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते झाले. एक तेजस मार्क १ए या लढाऊ विमानाची, दुसरी एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाची. वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाहिन्यांनी तेजसची छायाचित्रे मोठी छापली, मोठी दाखविली. ते स्वाभाविकही होते. ओझरला बांधलेल्या पहिल्या तेजसने त्याच दिवशी झेप घेतली होती. एचटीटी-४० च्या वाट्याला मात्र बातमीतील शेवटच्या दोन ओळी आल्या. प्रशिक्षण विमानांच्या नशिबी हे नेहमीचेच आहे. लढाऊ विमानाचे कौतुक सर्वांना, त्या विमानापर्यंत वैमानिकाला नेऊन पोहोचविणाऱ्या विमानाकडे कोणी पाहत नाही. ही उपेक्षा केवळ बातम्यांपुरती असती तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. ती चाळीस वर्षे धोरणातही होती आणि तिची किंमत तरुण प्राणांनी मोजली गेली.

एका गोष्टीचे आज अनेकांना विस्मरण झाले आहे. हिंदुस्थानात विमाननिर्मितीचा श्रीगणेशाच प्रशिक्षण विमानाने झाला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला विमान कारखाना उभारला आणि १९४१ मध्ये तेथून जे पहिले विमान जुळवून उडविण्यात आले, ते हार्लो जातीचे अमेरिकन प्रशिक्षण विमान होते. स्वतःचा आराखडा असलेले आपले पहिले विमानही प्रशिक्षणाचेच. एचटी-२ हे त्याचे नाव. ५ ऑगस्ट १९५१ रोजी ते प्रथम उडाले. पुढे वायुदलाने ते वर्षानुवर्षे वापरले आणि नवस्वतंत्र घानानेही आपल्याकडून घेतले. या विमानाच्या शिल्पकारांचे नाव महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असावयास हवे होते. ते होते डॉ. विष्णु माधव घाटगे.

डॉ. घाटगे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीतील गॉटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल या जगन्मान्य शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी वायुगतिशास्त्रात डॉक्टरेट मिळविली आणि ते परत आले. (परत आले, हे मुद्दाम लिहितो, त्या विद्येला तेव्हा हिंदुस्थानात बाजार नव्हता.) १९४२ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, त्याची धुरा त्यांनी वाहिली आणि कारखान्यातील आराखडा विभागही उभा केला. १९५९ च्या सुमारास वायुदलाला जेट प्रशिक्षण विमान हवे झाले. तोवर जेटचे धडे व्हॅम्पायर या ब्रिटिश बनावटीच्या विमानावर दिले जात आणि ते विमान वृद्धत्वाकडे झुकले होते. त्या काळी कारखान्याचे बहुतेक बळ डॉ. कुर्ट टांक या जर्मन तज्ज्ञाच्या ‘मारुत’ या लढाऊ विमानावर लागले होते. मारुतच्या सावलीत, तुटपुंज्या मनुष्यबळावर, डॉ. घाटगे यांच्या तुकडीने एचजेटी-१६ चा आराखडा सिद्ध केला. दि. ४ सप्टेंबर १९६४ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी ते आकाशात नेले. मागणीपासून उड्डाणापर्यंत पाच वर्षे! नाव ठेवले ‘किरण’.

या विमानाची एक खुबी सांगण्याजोगी आहे. त्यात गुरू आणि शिष्य एकामागे एक बसत नाहीत, शेजारी शेजारी बसतात. शिष्याचा हात दांड्यावर किती घट्ट आवळला आहे, त्याची नजर कोणत्या तबकडीवर खिळली आहे, तो घाबरला आहे की फाजील आत्मविश्वासात आहे, हे गुरूला मान किंचित वळवून दिसते. नवशिक्यासाठी यासारखी सोय नाही. कॉकपिट हवाबंद, दोघांनाही इजेक्शन सीट, चाल शांत आणि चुका पोटात घालणारी. १९६८ पासून किरण वायुदलात येऊ लागले. मार्क १ आणि मार्क १ए मिळून १९० विमाने झाली. पुढे मार्क २ निघाले. त्याला नॅट विमानाचे, बंगळूरलाच बनणारे ऑर्फियस इंजिन बसविले होते आणि नाकात बंदुका होत्या, म्हणजे नेमबाजीचा वर्गही त्याच विमानावर घेता येई. मार्क २ चे पहिले उड्डाण ३० जुलै १९७६ चे. पण विमाने वायुदलाच्या हाती पडू लागली ती १९८५ च्या सुमारास. नवे विमान शून्यातून उभे करण्यास जेथे पाच वर्षे लागली होती, तेथे त्याच विमानाची सुधारित आवृत्ती देण्यास नऊ वर्षे लागली. आजार तेव्हाच अंगात शिरला होता. मार्क २ ची ६१ विमाने झाली आणि १९८९ मध्ये उत्पादन थांबले.

किरणची सेवा मात्र थांबली नाही. १९९६ साली बिदरला ‘सूर्यकिरण’ ही कसरतींची तुकडी उभी राहिली. नऊ किरण विमाने पंखाला पंख लावून उडताना ज्यांनी पाहिली, त्यांना हे संथ शिकवणी-विमान आहे असे सांगूनही पटत नसे. गोव्यात नौदलानेही किरण वापरले. २०१६ साली वायुदलाच्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक झाल्या, त्यांनीही हकीमपेठला किरणवरच जेटचे धडे गिरविले. आजोबांच्या काळचे विमान नातीला शिकवीत होते. या वाक्याचा अभिमानही वाटतो आणि लाजही वाटते.

लाज का, ते समजून घेतले पाहिजे. वैमानिकाचे शिक्षण पायरीपायरीने होते. पहिली पायरी पंख्याच्या विमानाची, दुसरी किरणसारख्या साध्या जेटची, तिसरी प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची आणि मग खरे लढाऊ विमान. आपल्याकडे तिसरी पायरीच नव्हती. किरणची कमाल गती ताशी सातशे किलोमीटरच्या आत. त्यावरून उतरलेला बावीस-तेवीस वर्षांचा तरुण थेट मिग-२१ वर चढविला जाई, जे ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाते आणि तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीवर टेकते. मोटारीच्या शाळेतून कालच बाहेर पडलेल्या मुलाला शर्यतीच्या गाडीत बसवून घाटात सोडावे, तसा हा प्रकार. ही तुटलेली पायरी सरकारला कोणी दाखविली नव्हती असे नाही. १९८२ साली एअर मार्शल ला फाँतेन यांच्या समितीने प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे, असे स्पष्ट सुचविले होते. त्याच वर्षी नॅटवरून विकसित केलेल्या अजीत विमानाची दोन आसनी प्रशिक्षण आवृत्ती आपण उडविलीही होती. तिचा पहिला नमुना काही महिन्यांतच अपघातात गेला आणि पुढे तो प्रकल्पच बारगळला.

मग सुरू झाला तो पाहण्याचा कार्यक्रम. ब्रिटनचे हॉक पाहिले, फ्रान्स-जर्मनीचे अल्फा जेट पाहिले, पूर्व युरोपातील आणि रशियातील विमाने पाहिली. समित्या झाल्या, चाचण्या झाल्या, किमतींवर घासाघीस झाली, फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेल्या. बोफोर्सनंतर संरक्षण खरेदीच्या कागदावर सही करण्याचीच धास्ती दिल्लीने घेतली होती. लाच खाणारा दोषी ठरतो; निर्णय न घेणाऱ्याला मात्र कोणी दोष देत नाही. पंतप्रधान बदलले, पक्ष बदलले, प्रतीक्षा बदलली नाही. अखेर सप्टेंबर २००३ मध्ये अटलजींच्या मंत्रिमंडळाने हॉक निवडले आणि २६ मार्च २००४ रोजी ६६ विमानांचा करार झाला. निर्णयाचे श्रेय त्या सरकारला द्यावयास हवे. पण सत्तेवर आल्यापासून त्यालाही या निर्णयास पाच वर्षे लागली, हेही नोंदविले पाहिजे. फेब्रुवारी २००८ मध्ये बिदरला हॉकचे विधिवत आगमन झाले. शिफारशीपासून सव्वीस वर्षे.

त्या सव्वीस वर्षांत काय झाले? २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले, की १९७१-७२ पासून मिग जातीच्या विमानांचे ४८२ अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले. हे सारे अपघात अपुऱ्या प्रशिक्षणामुळे झाले असे म्हणणे असत्य ठरेल. इंजिने बंद पडली, पक्षी धडकले, सुटे भाग वेळेवर आले नाहीत, विमाने वयाने थकली. पण मधली पायरी नसल्याने किती तरुण दगावले याचा स्वतंत्र हिशेब कोणी देशापुढे मांडला नाही, म्हणून तो आकडा शून्य होत नाही. सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानात सुरतगढला फ्लाईट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचे मिग-२१ रात्रीच्या उड्डाणात कोसळले. त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ गप्प बसल्या नाहीत. चूक केवळ वैमानिकाची, हे उत्तर त्यांनी स्वीकारले नाही आणि विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यांनी जाहीरपणे, चिकाटीने लावून धरला. त्यांच्या प्रत्येक विधानाशी सहमत होण्याची आवश्यकता नाही. परंतु सैन्याविषयी प्रश्न विचारणे म्हणजे सैन्याचा अवमान, असे मानणाऱ्या आपल्यातील काहींनी या मातेकडे पाहावे. पुत्र देशाला दिलेल्या घराला विचारण्याचा अधिकार असतोच.

हॉक आले, पण ते बाहेरून आले. पहिली २४ विमाने ब्रिटनमधून तयार होऊन, उरलेली बंगळूरला परवान्याखाली. आता मूळ मुद्द्याकडे वळू. किरण उडाले १९६४ मध्ये. त्यानंतर आपल्या आराखड्याचे दुसरे नवे जेट प्रशिक्षण विमान कधी उडाले? ७ मार्च २००३ रोजी. मधली वर्षे एकोणचाळीस. किरणची जागा घेण्यासाठीच काढलेले हे एचजेटी-३६, नाव ‘सितारा’. १९९९ मध्ये नमुन्यांना मंजुरी मिळाली आणि चार वर्षांच्या आत विमान आकाशात होते. तेव्हा सर्वांना वाटले, घाटगे यांचे दिवस परतले. दुर्दैवाने तसे झाले नाही. इंजिन फ्रेंच होते, ते बदलून अधिक शक्तीचे रशियन घ्यावयाचे ठरले. ते नवे इंजिन लावून उडण्यास मे २००९ उजाडला. दरम्यान २००७ च्या बंगळूरच्या विमान प्रदर्शनात उड्डाण घेतानाच कॅनॉपी उघडून विमान धावपट्टीबाहेर गेले. एप्रिल २०११ मध्ये तमिळनाडूत एक नमुना कोसळला. सुदैवाने वैमानिक बाहेर पडून वाचले.

आणि सर्वांत मोठी अडचण निघाली ती गिरकीची. विमानाची गती फार कमी झाली की पंख त्याला पेलेनासे होतात आणि ते भोवऱ्यासारखे गरगरत खाली येऊ लागते. शिकाऊ वैमानिक कधी ना कधी त्यात सापडतोच. म्हणून प्रशिक्षण विमान मुद्दाम गिरकीत घालून, त्यातून सुखरूप बाहेर काढून दाखवावे लागते. त्याशिवाय ते विद्यार्थ्याच्या हाती देता येत नाही. सितारा येथे अडले. शेपटीची, पंखांची रचना बदलण्यात वर्षे गेली. सहा वेढ्यांची गिरकी यशस्वी झाल्याचे कारखान्याने २०२२ मध्ये जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते ‘यशस’ या नव्या नावाने पुढे आणले गेले. नमुन्याच्या पहिल्या उड्डाणाला तोवर बावीस वर्षे झाली होती.

किरण घडविणाऱ्यांनी गिरकीचे गणित सोडविले होते. मग त्यांच्या वारसांना ते पुन्हा पहिल्यापासून का सोडवावे लागले? आमच्या मते उत्तर त्या एकोणचाळीस वर्षांत आहे. विमानाचा आराखडा कागदावर राहतो, पण तो आखताना आलेली समज माणसांत राहते. ती माणसे निवृत्त झाली, त्यांच्या हाताखाली शिकलेली दुसरी पिढी दुसऱ्या कामांना लावली गेली. त्या काळात काहीच झाले नाही असे नव्हे. पंख्याचे एचपीटी-३२ याच कारखान्याने दिले. पण जेट शिकवणीच्या विमानाचा धागा तुटला. संगीतातील घराण्यात एक पिढी गाईली नाही, तर पुढच्या पिढीला वहीतील चिजा मिळतात, गायकी मिळत नाही. विमानविद्येचे याहून वेगळे नाही. ब्रिटनचे हॉक १९७४ मध्ये प्रथम उडाले. ते पन्नास वर्षे नवनव्या रूपांत जगभर विकले गेले, कारण त्या तुकडीचा धागा तुटू दिला नाही.

एचपीटी-३२ चा उल्लेख आला आहे तर त्याचे पर्यवसानही सांगितले पाहिजे. इंजिन हवेतच बंद पडण्याची त्याची खोड कधी पुरती गेली नाही. १७ अपघात आणि १९ वैमानिकांचे बळी, यानंतर जुलै २००९ मध्ये ती विमाने जमिनीवर उतरविण्यात आली. आता पहिली पायरीही गेली! मग काय केले? पहिल्या पायरीचे विद्यार्थीही किरणवर बसविले. आधीच थकलेल्या किरणच्या उड्डाणाचे तास दुपटीने खर्च होऊ लागले. २०११ मध्ये सूर्यकिरणची तुकडी थांबवावी लागली, ती कसरती नकोशा झाल्या म्हणून नव्हे, तर तिची विमाने विद्यार्थ्यांसाठी हवी होती म्हणून. (पुढे ती हॉक विमानांवर पुन्हा उभी राहिली.) २०१२ मध्ये स्वित्झर्लंडची ७५ पिलाटस विमाने मागविण्यात आली आणि पुढच्या वर्षापासून ती आली, तेव्हा कोठे किरणच्या खांद्यावरील दुसरे ओझे उतरले.

या पार्श्वभूमीवर ओझरकडे पाहावे. एचटीटी-४० जेट नव्हे, पंख्याचे, टर्बोप्रॉप विमान आहे, पहिल्या पायरीचे. वायुदलाला प्रारंभी ते नकोच होते, पिलाटस अधिक घ्यावे असा आग्रह होता. कारखान्याने स्वतःच्या तिजोरीतून पैसा घालून काम चालू ठेवले. ३१ मे २०१६ रोजी ते उडाले, गिरकीच्या परीक्षेतही उतरले आणि मार्च २०२३ मध्ये ७० विमानांचा सुमारे ६,८०० कोटी रुपयांचा करार झाला. बंगळूरबरोबर ओझरला ते बनणार आहे. १९६४ साली मिग-२१ साठी उभारलेला, परिसरातील लोक ज्याला आजही ‘ओझर मिग’ म्हणतात, तो कारखाना सहा दशके रशियन आराखड्यांवर चालला. मिग गेले, मिग-२७ गेले, सुखोई-३० झाले. स्वदेशी आराखड्याची विमाने तेथून निघू लागली हे लहान परिवर्तन नव्हे.

तथापि हुरळून जाण्याचे कारण नाही. एचटीटी-४० चे इंजिन अमेरिकन आहे, आणि त्याचा पुरवठा लांबल्यामुळे विमानेही ठरल्या वेळी मिळाली नाहीत. किरणचे पहिले इंजिन ब्रिटिश, सिताराचे आधी फ्रेंच मग रशियन, हॉकचे ब्रिटिश-फ्रेंच, आताचे अमेरिकन. विमानाचे अंग बदलले, हृदय परकेच राहिले. प्रशिक्षण विमानांना चालेल असे पंचवीस किलोन्यूटन शक्तीचे इंजिन एच.ए.एल. स्वतः विकसित करीत आहे आणि त्याच्या गाभ्याची पहिली चाचणी २०१५ मध्ये झाली. त्या इंजिनाला पैसा किती मिळतो आणि माणसे किती मिळतात, यावर संसदेत दरवर्षी प्रश्न विचारला गेला पाहिजे. तेजसविषयी प्रश्न विचारणारे खासदार पुष्कळ आहेत. या इंजिनाविषयी किती जण विचारतात? आपल्या भागाच्या लोकप्रतिनिधींना वाचकांनी हे जरूर विचारावे.

आणि वाशिमकरांसाठी थोडे व्यवहाराचे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने या जिल्ह्याची गणना आकांक्षित जिल्ह्यांत केली. सोयाबीनच्या भावावर वर्षाचे गणित ठरणाऱ्या घरातील मुलाला विमानाचे स्वप्न दाखविणे सोपे, मार्ग दाखविणे अवघड. मार्ग आहे. दहावीनंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी करून घेणारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था राज्य शासनाने १९७७ साली औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सुरू केली. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. विदर्भातील, विशेषतः लहान गावांतील पालकांना दहावीच्या निकालापर्यंत तिची माहितीच नसते, आणि तिची प्रवेश परीक्षा त्याआधीच होऊन जाते. आठवी-नववीच्या वर्गशिक्षकांनी, शाळा चालविणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी ही माहिती पालकसभेत सांगावी.

प्रत्येकाला वैमानिक होता येणार नाही, व्हावयासही नको. एका विमानामागे ते बांधणारे, दुरुस्त करणारे शेकडो हात लागतात. वायुदलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय विदर्भातच, नागपूरला आहे. ओझरच्या कारखान्यात आय.टी.आय. झालेल्या फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन अशा शिकाऊ उमेदवारांची भरती होत असते, जाहिरात एच.ए.एल.च्या संकेतस्थळावर येते, अर्जाची मुदत थोड्या दिवसांची असते. वाशिम, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा येथील आय.टी.आय.च्या सूचनाफलकावर ती जाहिरात आल्या दिवशी लागेल, एवढे काम जिल्ह्यातील एखाद्या शाखेने अंगावर घेण्यास हरकत नाही.